सड्यावरची कोरी जागा

२०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून गावी आलो. रत्नागिरीपासून तासाभरावरचं आमचं गाव. फोनमधल्या नकाशावर गावाचं नाव होतं, पण वाड्या नव्हत्या, पाखाड्या नव्हत्या आणि वरचा सडा म्हणजे नुसती करडी कोरी जागा.

ही कोरी जागा आली कुठून? भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. कंपनी सरकारला नकाशे हवे होते ते फौजेसाठी आणि महसुलासाठी. स्वातंत्र्यानंतरही किनारपट्टीच्या टोपोशीट सुरक्षेच्या कारणावरून सामान्य माणसाला सहज मिळत नसत. म्हणजे रत्नागिरीच्या माणसाला आपल्याच गावाचा तपशीलवार नकाशा बघणं अवघड. २००५ च्या नकाशा धोरणाने संरक्षणासाठी वेगळे आणि जनतेसाठी वेगळे नकाशे केले. भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे बनवायची खरी मोकळीक फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाली.

ब्रिटनमध्ये अडचण पैशांची होती. सरकारी नकाशे अचूक होते, पण त्यांची माहिती महाग आणि वापरावर बंधनं. म्हणून २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला: लोकांनी काढलेला, लोकांना फुकट वापरता येणारा नकाशा. मी त्यातच हात घातला. उपग्रहाच्या चित्रावरून रस्ते, विहिरी, घरं दोन रात्रींत काढून झाली. पण चित्रात नावं दिसत नाहीत.

नावांसाठी शेजारच्या आजोबांकडे गेलो. त्यांनी सड्यावर चाळीस वर्षं गुरं राखलेली. "कोरी जागा कुठली रे? प्रत्येक खळगीला नाव आहे," म्हणाले, आणि तासाभरात अकरा नावं सांगितली. सातबाऱ्यावर यातलं बरंचसं 'पोटखराबा' या एका शब्दात संपतं.

कातळशिल्पांचा शोध याच वाटेने लागला. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी सडे पालथे घालत, गावकऱ्यांना आणि गुराख्यांना विचारत फिरले. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावं त्यामुळे जगापुढे आली. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांबीचा. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांच्या नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. त्यातली एक गोव्यातली. जी जमीन कागदावर पडीक होती, तिच्यावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी चित्रं खोदलेली होती. गुराख्यांना ती ठाऊक होती. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

आजोबांनी शेवटी मलाही एक दाखवलं. हातभर लांबीचा मासा, गवताखाली झाकलेला. फोन काढला आणि थांबलो. नोंद केली नाही, तर उद्या तिथे चिरेखाण पडेल आणि काय गेलं हे कोणाला कळणारही नाही. नोंद केली, तर रविवारी गाड्या थेट कातळावर चढतील.

आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "वाडीत विचार. जागा एकट्याची नाही."

ती अकरा नावं आता नकाशावर आहेत. माशाची जागा अभ्यासकांना कळवली आहे. नकाशावर ती टाकायची की नाही, हे वाडीच्या बैठकीत ठरेल. नकाशा लोकांचा म्हणायचा, तर इतकं थांबायलाच हवं.