पाणी न पिणारा कागद

लिहिलेले टिकावे, ही इच्छा लेखनाइतकीच जुनी आहे. कोकणच्या शिलाहारांनी आणि गोव्याच्या कदंबांनी दिलेली भूमिदाने ताम्रपटांवर कोरली गेली. कारण जमिनीचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध करावा लागे. पुढे कागद आला. तो हलका व सोयीचा खरा, परंतु पाणी, वाळवी आणि कसर हे त्याचे तीन वैरी. १८०५ साली विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण बंगालमधील ज्या श्रीरामपुरास छापले गेले, तेथील मिशनऱ्यांना किडीला दाद न देणारा कागद स्वतःच बनवावा लागला. १८२० मध्ये त्यांनी या कामासाठी विलायतेहून वाफेचे यंत्र आणविले.

विसाव्या शतकात रसायनशास्त्राने या प्रश्नाला निराळेच उत्तर दिले. चिंध्यांचा किंवा लाकडाचा लगदा वगळून कागद प्लॅस्टिकचाच करावयाचा! १९५५ साली अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिएथिलीनचे सूक्ष्म तंतू आढळले आणि त्यांतून पुढे ‘टायवेक’ निघाला. जपानमध्ये १९६९ साली ‘युपो’ बनविणारी कंपनी स्थापन झाली. पॉलिप्रोपिलीनमध्ये खनिजाची पूड मिसळून त्याचा पापुद्रा उभा-आडवा ताणला, की आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या पडतात; त्यांत प्रकाश विखुरतो व तो पापुद्रा कागदासारखा शुभ्र दिसू लागतो. असा कागद भिजत नाही, सहजी फाटत नाही आणि वाळवीच्या उपयोगाचा नसतो.

परंतु जो गुण तोच दोष ठरला. साधा कागद शाई पितो, म्हणूनच अक्षर त्यावर लवकर बसते. जो पाणी पीत नाही तो शाई तरी कशी पिणार? वरच्यावर राहिलेली शाई हवेने सुकेपर्यंत मुद्रकाला तासन्‌तास वाट पाहावी लागे. घाई केली, तर एका पानाचा मजकूर दुसऱ्याच्या पाठीवर उमटे.

दरम्यान मुद्रणाची एक नवी रीत वाढत होती. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन यांनी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर विद्युत्‌भार आणला, प्रकाशाने अक्षरे उमटविली, पूड भुरभुरविली आणि ती मेणकागदावर घेऊन उष्णतेने पक्की केली. या रीतीला ठसा लागत नाही. १९९३ साली बेल्जियमच्या झायकॉन व इस्राएलच्या इंडिगो या कंपन्यांनी संगणकावरून थेट चालणारी रंगीत मुद्रणयंत्रे बाजारात आणली. प्रत्येक प्रतीवर निराळा क्रमांक, निराळे नाव छापणे त्यामुळे सुलभ झाले. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी असो वा रोपवाटिकेतील पाटी, न भिजणाऱ्या कागदाला हवे होते ते हेच.

मात्र दोघांचे जुळणे सोपे नव्हते. कोरडी पूड कागदावर वितळवावयास सुमारे १८० ते २०० अंश सेल्सियस उष्णता लागते, तर पॉलिप्रोपिलीन १६५ अंशांच्या आतबाहेरच वितळते. अक्षर पक्के करावे, तर कागदच आकसून यंत्रात अडकावयाचा! शिवाय असा कागद विद्युत्‌भार धरून ठेवतो व पाने एकमेकांस चिकटतात. उपाय दोन बाजूंनी निघाले. कोरड्या पुडीसाठी सुमारे २५० अंशांपर्यंत न वितळणारा पॉलिएस्टरचा कागद आला व त्यास भार निचरून टाकणारा लेप मिळाला. इंडिगोच्या यंत्रात शाई आधी तापलेल्या रबरी आवरणावर पातळ पापुद्र्यासारखी तयार होते आणि थंड कागदास टेकताच त्यावर बसते; ती घट्ट धरावी म्हणून कागदाला बहुधा अस्तराचा लेप द्यावा लागतो. म्हणजे टिकाऊ कागदावरील अक्षराचा टिकाऊपणा अखेर एका अतिसूक्ष्म लेपावर अवलंबून राहिला. कागद शंभर वर्षे उरला, तरी अक्षर उरेलच असे नाही.

आणि कागद उरणे हेही निखळ वरदान नव्हे. साधा कागद रद्दीत जातो, लगदा होतो, मातीत मिसळतो. हा मातीत मिसळत नाही आणि रद्दीतही वेगळा काढावा लागतो. शिलाहारांनी दानपत्रासाठी तांबे वापरले; रोजच्या हिशेबासाठी कोणी तांबे खर्चले नाही. काय टिकवावयाचे आणि काय विरू द्यावयाचे, हा विवेक त्या काळी धातूची किंमतच शिकवीत असे. आता तो माणसाला स्वतःच बाळगावा लागणार आहे.