मणका, रेल्वे आणि वकील

गाडीला मागून धडक बसते. एक्स-रे नॉर्मल येतो. तरीही दर दोन-तीन महिन्यांनी पाठ धरते ती धरतेच. मग कोणी म्हणतं, "टेन्शन असेल", कोणी हळूच विचारतं, "क्लेम लावलायस का?" मीही हे ऐकलंय. गंमत म्हणजे हा वाद मोटारगाडीपेक्षा जुना आहे!

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात रेल्वे पसरली, तसे अपघातही वाढले. अंगावर ओरखडा नसलेले प्रवासी काही दिवसांनी पाठदुखी, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन यायचे. नुकसानभरपाईचे खटले उभे राहिले आणि दुखण्याला नाव पडलं 'रेल्वे स्पाइन'. १८६६ साली लंडनचे सर्जन जॉन एरिक एरिक्सन यांनी पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, हादऱ्याने मज्जारज्जूला डोळ्यांना न दिसणारी इजा होते. वकिलांना आयतंच हत्यार मिळालं! १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी उत्तर दिलं: मज्जारज्जू बहुतेकदा शाबूत असतो, भीतीचा धक्काच माणसाला आजारी पाडायला पुरतो. आता हे पेजसाहेब एका रेल्वे कंपनीचे सर्जन होते, हे ओघानं आलंच.

भांडण एकच: इजा दाखवा, तर दुखणं खरं. पुढे एमआरआय आला, आता तरी निकाल लागेल असं वाटलं. पण १९९४ साली पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, तर ५२ टक्के लोकांच्या किमान एका चकतीला फुगवटा! म्हणजे फोटोत दिसतं ते दुखेलच असं नाही. आणि दुखतं ते फोटोत दिसेलच असंही नाही.

मग करायचं काय? पूर्वी डॉक्टर सांगायचे, झोपून राहा. १९९५ साली हेलसिंकीत पाठ नुकतीच धरलेल्या १८६ जणांवर प्रयोग झाला. काहींना दोन दिवस सक्तीची विश्रांती, काहींना व्यायाम, बाकीच्यांना झेपेल तेवढे रोजचे व्यवहार. रोजचे व्यवहार करणारे सर्वांत लवकर सावरले, झोपून राहिलेले सर्वांत उशिरा. जुन्या, उलटणाऱ्या दुखण्यातही आज सल्ला तोच आहे: हळूहळू हालचाल वाढवा. (पायात बधिरपणा, अशक्तपणा किंवा लघवीवर ताबा न राहणं असं काही असेल तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.)

असो. तेव्हा पुढच्या वेळी ऑफिसातला कोणी मीटिंगमध्ये उभा राहिला, तर त्याच्याकडे रिपोर्ट मागू नका. उभं राहू द्या.