दारातला आवाज : जालना जिल्ह्यातील मोटारींच्या स्पीकरबदलाचा इतिहास

मोटारीच्या दारात कंपनीने बसवून दिलेले स्पीकर काढायचे आणि त्यांच्या जागी बाजारातले, जास्त ताकदीचे स्पीकर बसवायचे, हे काम जालना जिल्ह्यात आता सीट कव्हर आणि फूटमॅटइतकेच रुळले आहे. नवी गाडी शोरूममधून निघते, पूजा होते, नारळ फुटतो आणि थोड्याच दिवसांत ती ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर चारही दारे उघडून उभी असते. या धंद्याचा इतिहास मात्र समजुतीच्या उलट क्रमाने घडला. आधी कंपनीचे स्पीकर आणि मग त्यांची बदली, असे झाले नाही. कित्येक दशके गाड्या मुक्याच येत होत्या. त्यांना आवाज देणे हे मालकाच्या खिशाचे आणि कारागिराच्या हाताचे काम होते. कंपनीने ते काम आपल्याकडे घेतले ते फार नंतर, आणि तेव्हापासून बसवण्याचा धंदा बदलण्याचा धंदा झाला.

आजच्या स्पीकरची मूळ रचना अमेरिकेत १९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडली. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला चिकटवलेला कागदी शंकू आणि कडेला लवचीक झालर, इतकाच तो प्रकार. पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० मध्ये मोटोरोला या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला; १९३२ मध्ये जर्मनीच्या ब्लाउपुंक्टने युरोपात तसाच रेडिओ काढला. हे रेडिओ व्हॉल्व्हचे, अवजड आणि एकाच स्पीकरचे असत. तो स्पीकर डॅशबोर्डमध्ये किंवा त्याच्या खाली बसे. दाराची जागा महत्त्वाची ठरली ती स्टीरिओमुळे. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि पुढे ती मोटारीत शिरली, तेव्हा डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज लागू लागले. दोन्ही बाजूंना समोरासमोर असलेली आणि आतून पोकळ अशी जागा मोटारीत एकच होती, ती म्हणजे पुढची दोन दारे.

जालन्यात मोटारी तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेवरची मोठी बाजारपेठ म्हणून शहराचे नाव होते, आणि मोटार असे ती आडत्याकडे, जिनिंगवाल्याकडे किंवा सरकारी अधिकाऱ्याकडे. स्वातंत्र्यानंतरही घरी रेडिओ ठेवायचा तर टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे आणि मोटारीतला रेडिओही त्यातून सुटत नसे. ही परवाना पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. गाड्या मुख्यतः दोन : अँबॅसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. हौशी मालक मुंबईहून रेडिओ आणून बसवून घेत. इंजिनच्या ठिणगीमुळे रेडिओत खरखर येई. ती दाबण्यासाठी डिस्ट्रिब्युटरजवळ कंडेन्सर जोडावा लागे. म्हणूनच हे काम सुरुवातीला गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेले. स्पीकर बहुधा मागच्या काचेखालच्या फळीवर बसवत, कारण त्या फळीला भोक पाडणे सोपे होते आणि गाडीची डिकीच स्पीकरच्या पेटीचे काम करी.

कॅसेट स्वस्त झाली तेव्हा चित्र पालटले. गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये टी-सीरीज सुरू केली आणि १९८०च्या दशकात कॅसेट खेड्यापाड्यांतल्या टपरीपर्यंत पोहोचली. प्रल्हाद शिंदे आणि आनंद शिंदे यांची लोकगीते, भक्तिगीते, भीमगीते आणि हिंदी चित्रपटांची गाणी यांना आता आकाशवाणीच्या वेळापत्रकाची गरज उरली नाही. दरम्यान १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांचे भाग काढून जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा कचेरीची कामे, कोर्ट, बाजार समिती आणि दवाखाने यांसाठी भोकरदन, जाफराबाद, अंबड, परतूर या गावांतून जालन्याला येणे-जाणे वाढले. एसटीला जोड म्हणून काळी-पिवळी जीप रस्त्यावर आली.

जिल्ह्यात गाडीतला स्पीकर सर्वसामान्यांच्या कानावर पडला तो या जीपमुळे. महिंद्रा कमांडर आणि बजाज टेम्पोची ट्रॅक्स या गाड्यांत माणसे दाटीवाटीने बसत आणि इंजिनाचा आवाज थेट आत येई. कमांडरवर ताडपत्रीचे छत असे, दारेही बहुधा ताडपत्रीचीच. त्यांत स्पीकर बसवायला जागाच नव्हती. मग सुताराकडून प्लायवूडच्या पेट्या करून घ्यायच्या, त्यांना रेक्झिन चढवायचे आणि त्या शेवटच्या सीटमागे किंवा छताच्या पाइपाला अडकवायच्या, अशी रीत पडली. ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरवरही हेच घडले. २४ व्होल्टच्या ट्रकवर १२ व्होल्टचा डेक चालवायला मधे कन्व्हर्टर घालावा लागे. ट्रॅक्टरला १२ व्होल्टची बॅटरी असल्याने तो प्रश्न नव्हता. तिथे अडचण उघड्यावरच्या उन्हापावसाची होती. अंकुशनगर आणि तीर्थपुरी इथल्या साखर कारखान्यांकडे रात्री ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरांना गाण्यांची सोबत लागली. चालकाला जागे ठेवण्याचा तो एक उपाय होता. मडगार्डवर किंवा सीटमागे बसवलेल्या स्पीकरवर पुढे मोटारींसाठी लागणाऱ्या कारागिरांचे हात तयार झाले.

मोटारीच्या दारापर्यंत हा धंदा पोहोचला मारुती ८०० मुळे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ही छोटी गाडी जालन्यातल्या मध्यम व्यापाऱ्याला परवडणारी पहिली मोटार होती. त्याच काळात शहरात पैसा येत होता. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या महिको कंपनीपाठोपाठ बियाण्यांचा व्यवसाय फोफावला होता आणि सळया तयार करणाऱ्या रोलिंग मिल उभ्या राहत होत्या. जिल्ह्याच्या एमएच-२१ क्रमांकाच्या गाड्या वाढल्या तसा डेक आणि स्पीकर बसवणाऱ्यांचा हातखंडाही वाढला. गाडी घेतली की टेप बसवणे ओघानेच येई. डॅशबोर्डात डेकची चौकोनी जागा झाकणाने बंद केलेली असे. दारात मात्र बऱ्याचदा काहीच नसे. कारागीर दाराचे पॅड उतरवून त्याच्या पुठ्ठ्याला पात्याने गोल कापी. आतला पत्रा आड आला तर कातरीने तोही कापावा लागे. चार किंवा पाच इंची स्पीकर दारात आणि सहा बाय नऊ इंची लंबगोल जोडी मागच्या फळीवर, हा त्या काळचा ठरलेला मेळ. कापलेल्या पत्र्याच्या कडेला रंग न लावल्यास दोन पावसाळ्यांत गंज धरे आणि दार खडखडू लागे.

वस्तूंचा पुरवठा दोन वाटांनी होई. देशात बनलेले डेक आणि स्पीकर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून येत. परदेशी माल जबर आयातकरामुळे बहुधा चोरट्या बाजारातून किंवा आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून मिळे. १९९१ नंतर आयात हळूहळू मोकळी झाली; सोनी कंपनीने १९९४ मध्ये भारतात पाय रोवले. पायोनियर, सोनी, केनवूड, जेबीएल ही नावे मागच्या काचेतून दिसावीत म्हणून स्पीकरच्या जाळीवर ठळक अक्षरांत झळकू लागली आणि तीच अक्षरे छापलेला नकली मालही पाठोपाठ आला. खोक्यावर शेकडो वॅटचा पीएमपीओ आकडा छापण्याची चाल याच दशकातली. तो आकडा क्षणभराच्या कमाल झटक्याचा असे. स्पीकर सतत किती ताकद पेलतो हे सांगणारा आरएमएस आकडा त्याच्या कितीतरी पट लहान असे, आणि तो खोक्यावर शोधावा लागे.

२००० नंतर कंपन्यांनी सूत्रे आपल्या हाती घेतली. औरंगाबाद-जालना रस्त्यावरच्या शेंद्रा इथे स्कोडाच्या ऑक्टाव्हियाची जुळणी २००१ पासून सुरू झाली. २००५ मध्ये आलेल्या स्विफ्टच्या वरच्या प्रकारात डेक डॅशबोर्डच्या घडणीतच मिसळलेला होता. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या एका गटाने एकाच दिवशी १५० मर्सिडीज-बेंझ घेतल्या, त्या व्यवहाराची किंमत सुमारे ६५ कोटी रुपये होती. अशा गाड्यांमधली ध्वनियंत्रणा गाडीच्या इतर वायरिंगशी इतकी बांधलेली असते की बाहेरचा कारागीर तिला सहसा हात लावत नाही. साध्या गाड्यांतही डेक बदलणे अवघड झाले, कारण त्याची चौकट प्रत्येक गाडीत वेगळी आणि त्याची बटणे स्टिअरिंगवर. ग्राहकाच्या हाती बदलण्याजोगे उरले ते दारातले स्पीकर. स्वस्त प्रकारांत तर दारापर्यंत वायर आलेली असे, गोल जागा तयार असे आणि फक्त स्पीकर नसे. तोवर गाणीही कॅसेट आणि सीडी सोडून पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डात गेली होती. मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन गाणी भरून मिळत. डेक मूळचाच आणि स्पीकर नवे, हा आजच्या बदलाचा साचा तेव्हा पक्का झाला.

कंपनीचा स्पीकर काढून पाहिला की तो का बदलतात हे कळते. त्याचा शंकू बहुधा कागदी, चुंबक लहान आणि चौकट प्लास्टिकची असते. एकाच शंकूतून खर्ज आणि तार दोन्ही काढायचे असल्याने वरचे सूर बोथट होतात. लाखो गाड्यांत एकेका स्पीकरमागे थोडे रुपये आणि काही ग्रॅम वाचवले तर कंपनीला त्याचा मोठा हिशेब लागतो. बाजारातल्या को-ॲक्सियल स्पीकरमध्ये शंकूच्या मध्यावर वेगळा ट्विटर असतो. कंपोनंट जोडीत तो सुटा असून आरशाच्या आतल्या कोपऱ्यात, कानाच्या उंचीजवळ बसतो. शंकू पॉलिप्रॉपिलिनचा आणि झालर रबराची असते. मराठवाड्यातल्या चाळिशीपार उन्हात बंद गाडी तापते आणि जुन्या स्पीकरची फोमची झालर भुगा होऊन गळते. रबर तिथे टिकते.

कामाचा क्रम ठरलेला आहे. काचेच्या बटणांची चौकट आणि हँडलमागचे स्क्रू काढून डोअर पॅडच्या क्लिपा एकेक करून उचकटतात. मागे चिकटवलेला पातळ प्लास्टिकचा कागद अलगद बाजूला करतात. दारात झिरपणारे पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तो असतो. तो फाडून टाकला तर पावसाळ्यात पॅड फुगते. जुना स्पीकर काही गाड्यांत रिव्हेटने ठोकलेला असतो, तिथे रिव्हेट ड्रिलने उडवावे लागते. नव्या स्पीकरची भोके जुन्या जागेशी जुळत नाहीत म्हणून मधे प्लास्टिकची किंवा लाकडाची रिंग येते. ती आणखी एका कारणासाठी लागते. नव्या स्पीकरचे चुंबक खोल असते आणि काच खाली येताना त्यावर आपटू शकते. म्हणून काच पूर्ण खाली घेऊन पाहतात, मगच स्क्रू आवळतात. मूळ वायर न कापता गाडीचाच कपलर वापरणे हे चांगल्या कारागिराचे लक्षण मानतात. शेवटी अधिक-उणे तपासतात : दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की शंकू पुढे सरकायला हवा. एका दारात वायरी उलट्या लागल्या तर दोन्ही शंकू विरुद्ध दिशांना हलतात आणि खर्ज एकमेकांत विरून जातो.

महाग स्पीकर बसवूनही आवाज घटल्याची तक्रार होते, तिचे कारण ताकदीच्या गणितात आहे. कंपनीचा हलका शंकू थोड्या वॅटवर जोरात वाजतो. नवा शंकू जड असेल आणि त्याची संवेदनशीलता ३ डेसिबलने कमी असेल, तर तेवढाच आवाज मिळवायला दुप्पट वॅट लागतात. मूळ डेक खरे वॅट दर स्पीकरला पंधरा-वीसच देतो. म्हणून एकतर मूळ डेकवर चालणारा जास्त संवेदनशील स्पीकर निवडावा लागतो किंवा सीटखाली ॲम्प्लिफायर घालावा लागतो. खर्जासाठी डिकीत वेगळा सबवूफर, गावाकडच्या बोलीत बफर, ठेवण्याची पद्धत त्यातूनच आली. दुसरी बाब दाराच्या पत्र्याची. पातळ पत्रा स्वतःच थरथरतो आणि खर्ज खाऊन टाकतो. त्यावर ब्यूटाइलचे जाड पत्रे चिकटवले, म्हणजे डॅम्पिंग केले, की दार जड आणि मुके होते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झालेला समृद्धी महामार्ग बदनापूर आणि जालना तालुक्यांतून जातो. त्याच्या काँक्रीटवर ताशी शंभराच्या पुढे टायरांची घरघर मोठी होते, आणि अशा प्रवासात डॅम्पिंगचा उपयोग नुसत्या मोठ्या आवाजापेक्षा जास्त जाणवतो.

गेल्या दशकात कंपन्यांनी बाजाराचे उत्तर स्वतःच्याच गाडीत आणले. टाटांच्या झेस्टमध्ये २०१४ मध्ये हरमनची यंत्रणा आली. जेबीएल आणि इन्फिनिटी ही बाजारात सुटी विकली जाणारी नावेही याच हरमनची. महिंद्राने २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या प्रकारात आणि २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनमध्ये सोनीचे १२ स्पीकर दिले. अशा गाड्यांत दारातला स्पीकर त्या यंत्रणेच्या ॲम्प्लिफायरशी जुळवून घेतलेला असतो, म्हणून एकच बदलला तर सगळा मेळ बिघडतो. स्पीकरबदलाचे काम त्यामुळे आता मुख्यतः खालच्या आणि मधल्या प्रकारांच्या मोटारी, वापरलेल्या गाड्या आणि बोलेरोसारख्या कामाच्या गाड्या यांच्यापुरते उरले आहे. स्पीकर बदलल्याने नोंदणी पुस्तकातला कोणताही तपशील बदलत नाही; मात्र वायरिंग कापल्यास विजेच्या भागांची वॉरंटी अडचणीत येऊ शकते. सार्वजनिक ठिकाणी मोठा आवाज करण्यावर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ती अधिक कडक होते.