बेल्ट नवाच होता

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, सकाळी ८ वाजून ४० मिनिटांनी, पुण्याहून गणपतीसाठी चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात आमच्या गाडीचं इंजिन गेलं. नुसतं बंद पडलं असतं तर पुन्हा चालू झालं असतं. ते गेलंच. गाडीत चौघं होतो. पुढे मी आणि बायको, मागे आई आणि अकरा वर्षांचा मुलगा, आणि त्या दोघांच्या मध्ये मखराचं सामान. त्या ८:४० पासून मी आता उलटं मोजत जातो, कारण थांबायला जागा प्रत्येक टप्प्यावर होती आणि मी एकाही ठिकाणी थांबलो नाही.

१४ महिने आधी

गाडी २००९ सालची, डिझेल, काटा ९८ हजारांवर. गाडीच्या पुस्तकात टायमिंग बेल्टची मुदत किलोमीटरमध्येही दिलेली असते आणि वर्षांमध्येही, आणि जे आधी भरेल ते धरायचं असतं, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. वर्षांच्या हिशेबाने आमची मुदत कधीच टळून गेली होती. म्हणून गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली.

हे काम बघण्यासारखं असतं. इंजिनाला खालून जॅकचा टेकू देतात, एका बाजूचं माउंटिंग सोडतात, क्रँकची पुली काढतात, कव्हरं उतरवतात आणि मग आत तो हातभर लांबीचा दातेरी पट्टा दिसतो. खाली पिस्टनने फिरणारा क्रँकशाफ्ट, वर व्हॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक झाला पाहिजे, एका दाताचाही फरक चालत नाही. वाटेत हाच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो आणि टेन्शनर नावाचं एक चाक त्याला ताणून धरतं.

मिस्त्री म्हणाले, “साहेब, अख्खा किट टाकू या. बेल्ट, टेन्शनर, आयडलर, पंप. मजुरी तीच आहे, परत एवढं उघडायला नको.”

फरक साडेपाच हजारांचा होता. पंप गळत नव्हता. टेन्शनर त्यांनी काढून माझ्या हातात दिला. मी बोटाने टिचकी मारली, तर भिंगरीसारखा गरगर फिरला, कितीतरी वेळ थांबलाच नाही.

“हा तर मस्त फिरतोय की. राहू दे.”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. “बघा, तुमची मर्जी.” बिलावर त्यांनी लिहिलं: टेन्शनर व पंप जुने, ग्राहकाच्या सांगण्यावरून. ते बिल अजून माझ्याकडे आहे.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. जुना पट्टा सैलावलेला असतो आणि जुन्या बेअरिंगला त्या सैलपणाची सवय झालेली असते. नवा पट्टा बसला की ताण पुन्हा पुरता येतो आणि तो सगळा त्या थकलेल्या बेअरिंगवर पडतो.

५ दिवस आधी

सकाळी गाडी सुरू केली की चिर्र असा बारीक आवाज यायला लागला होता. दोन-तीन मिनिटांत, इंजिन तापलं की गायब. ऑफिसजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. तिथल्या पोराने आल्टरनेटरच्या बेल्टवर थोडं पाणी टाकलं आणि आवाज थांबला. “फॅन बेल्ट आहे काका, गणपतीनंतर बदलू.” इंजिन तोवर तापलं होतं, आवाज आपोआपही थांबलाच असता. पण मला गणपतीनंतरची तारीख हवीच होती, ती मिळाली.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरला टेकवून मूठ कानाला लावली असती तर बेअरिंगची घरघर ऐकू आली असती. आमचे मिस्त्री तेच करतात. त्यांच्याकडे जायला त्या आठवड्यात मला वेळ झाला नाही.

वडिलांनी आयुष्यभर पद्मिनी चालवली. तिच्यात टायमिंगला साखळी होती, जुन्या ॲम्बॅसॅडरमध्येही साखळीच. साखळी झिजली की खडखडते, महिनोन् महिने खडखडते, आणि ऐकणाऱ्याला सवड देते. दातेरी पट्टा मोटारीत आला तो १९६२च्या सुमारास, जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीतून. हलका, स्वस्त, तेल न लागणारा आणि मुका. पट्ट्याच्या आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही. बोलतात ती त्याच्या आजूबाजूची चाकं, आणि तीही हळू आवाजात.

१३ तास आधी, संध्याकाळी ७:४०

प्रवासाआधी मी बॉनेट उघडतोच. ऑइल ठीक. कूलंटच्या बाटलीतली पातळी बोटभर उतरलेली. महिन्याभरापूर्वीच भरलं होतं. मी पुन्हा भरलं आणि झाकण लावलं.

पाण्याच्या पंपाला खालून एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. आतलं सील जायला लागलं की पाणी बेअरिंगकडे न जाता तिथून बाहेर पडावं, म्हणजे मालकाला दिसावं, एवढ्यासाठी. आमच्या इंजिनात ते छिद्र कव्हरच्या आत होतं. टॉर्च मारून बाजूने वाकून पाहिलं असतं तर कव्हरच्या खालच्या कडेला वाळलेल्या कूलंटचा पांढुरका-गुलाबी पापुद्रा दिसला असता. तो मला पुढे चिपळूणच्या गॅरेजमध्ये दिसला.

४ तास ४० मिनिटं आधी, पहाटे ४

पुण्यातून निघालो. सुरू करताना चिर्र झालं, या वेळी जरा जास्त वेळ. आई मागून म्हणाली, “गाडी का रे रडतेय?” मी म्हणालो, “थंडी आहे, तापली की थांबेल.” थांबलं.

३ तास आधी

खंबाटकी घाट चढून गेलो. सुरूरच्या पुढे चहा. सातारा. गाडी छान पळत होती. चिपळूणला दुपारच्या जेवणाआधी पोचू, असा हिशेब होता.

१ तास १० मिनिटं आधी

उंब्रजला महामार्ग सोडून पाटणच्या रस्त्याला लागल्यावर पाऊस सुरू झाला. पाटणच्या बाजारात गाडी संथ चालली तेव्हा खिडकी खाली होती. बाजूच्या भिंतीवर आदळून इंजिनाचा आवाज परत येत होता आणि त्यात काहीतरी मिसळलं होतं. जात्यात खडा सापडावा तसं. बायकोने माझ्याकडे बघितलं. “दाखवायचं का कुठे?” पाटणात गॅरेजं आहेत, दोन तर रस्त्यावरच उघडी होती. मी म्हणालो, “चिपळूणला दाखवू.”

माझ्या मते या चौदा महिन्यांतला हा सगळ्यात महाग क्षण. तिथे इंजिन बंद केलं असतं तर एक बेअरिंग आणि एक पंप, एवढ्यात भागलं असतं.

१२ मिनिटं आधी

कोयनानगर मागे पडलं. धुकं इतकं की पुढच्या एसटीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. उतार सुरू झाला तसा मी गिअर खाली आणला. आत त्या वेळी काय होत होतं ते नंतर सुट्या भागांवरून कळलं. टेन्शनरचं बेअरिंग अडकत अडकत फिरत होतं. ते तापत होतं, त्यावरचं प्लॅस्टिकचं चाक मऊ पडत होतं, आणि नवा पट्टा त्या वाकड्या चाकावरून घसरत कडेच्या कव्हरला घासत होता. एकेक धागा सुटत होता.

शून्य, सकाळी ८:४०

टक्. आवाज एवढाच.

मागोमाग लोखंडी डब्यात खिळे हलवावेत तसा खुळखुळाट, दोन सेकंद असेल. डॅशबोर्डवरचे सगळे लाल दिवे एकदम लागले.

तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण २,४०० फेऱ्यांवर होतं. म्हणजे सेकंदाला क्रँकचे ४० फेरे, आणि प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला २० वेळा उघडतो-मिटतो. पट्टा तुटल्यावर कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबला, आणि जे व्हॉल्व उघडे होते ते उघडेच राहिले, सिलिंडरमध्ये काही मिलिमीटर खाली उतरलेले. क्रँक मात्र थांबला नाही. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. पिस्टन खालून आले आणि व्हॉल्व वाकवून गेले.

मला त्या क्षणी यातलं काही सुचलं नाही. मला कळलं ते एवढंच, की स्टिअरिंग दगड झालंय. मग ब्रेक. पहिला दाब नेहमीसारखा लागला, दुसरा कडक, तिसऱ्याला पेडल हललंच नाही. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप आमच्या इंजिनात कॅमशाफ्टच्या टोकाला आहे. कॅम थांबला की तोही थांबतो, आणि साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो.

क्लच दाबला असता तर चाकं इंजिनापासून सुटली असती आणि आतली मोडतोड तिथेच थांबली असती. पण मग गाडी उतारावर मोकळी सुटली असती. मी क्लच दाबला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये तशीच ठेवली, दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो आणि बायकोने हँडब्रेक थोडा थोडा ओढत आणला. डोंगराच्या बाजूचं गटार आलं तसं चाक त्यात घातलं. गाडी थांबली. गिअरमध्ये ठेवल्यामुळे आणखी एखाद-दोन व्हॉल्व गेले असतील. पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन.

मुलगा खाली उतरला आणि न सांगता दोन मोठे दगड आणून पुढच्या चाकांना लावले. बायकोने झाडाची ओली फांदी मोडून मागे रस्त्यावर ठेवली. आई गाडीतच बसून राहिली होती, मखराच्या गठ्ठ्यावर हात ठेवून.

४५ मिनिटांनंतर

कराडहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने आम्ही हात न दाखवताच गाडी थांबवली. आई, बायको, मुलगा आणि मखर त्या एसटीने चिपळूणला गेले, बाप्पा वेळेवर बसले. मी टो करणारी गाडी येईपर्यंत पावसात थांबलो.

आठव्या दिवशी, चिपळूण

गौरी-गणपती गेल्यावर गॅरेज उघडलं. हेड उतरलं, तेव्हा चार पिस्टनपैकी तिघांच्या माथ्यावर नखाने कोरल्यासारख्या अर्धचंद्राच्या खुणा होत्या. आठपैकी सहा व्हॉल्व वाकलेले. हेड मशीनिंगला गेलं, व्हॉल्व, गाइड, गॅस्केट नवे, वर सील वगैरे सगळं. खर्च झाला ५८ हजार. पिस्टन वाचले, म्हणून एवढ्यावर भागलं.

तिथल्या मिस्त्रींनी ट्रेमधून पट्टा उचलला. एक कड कुरतडलेली, पण वरची छपाई अजून स्पष्ट वाचता येत होती. “साहेब, बेल्ट नवाच होता तुमचा.” मग त्यांनी कव्हरच्या कडेचा तो गुलाबी पापुद्रा नखाने खरवडून दाखवला. पंपातलं पाणी खालच्या बेअरिंगवर ठिबकत राहिलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

नवा किट बसवायच्या आधी त्यांनी नवा टेन्शनर माझ्या हातात दिला. मी सवयीने टिचकी मारली. तो अर्धा फेरा जड-जड फिरला आणि थांबला.

“अडकतोय का हा?” मी विचारलं.

“ग्रीस आहे त्यात. भरलेलं बेअरिंग असंच फिरतं. भिंगरीसारखं फिरायला लागलं की समजायचं, आत काही उरलं नाही.”

त्यांनी तो घेतला, बसवला, पट्टा चढवला, खुणा जुळवल्या. मग पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, सावकाश, मध्ये कुठे अडकतंय का बघत, आणि खुणा पुन्हा एकमेकींसमोर आल्या का ते बघायला मला खाली वाकायला सांगितलं. आल्या होत्या.