देशीयकरण : अमेरिकेची संयुक्त संस्थाने

परदेशात जन्मलेल्या व्यक्तीने कायद्याने ठरविलेल्या अटी पूर्ण केल्यावर तिला एखाद्या राष्ट्राचे नागरिकत्व देण्याच्या प्रक्रियेस देशीयकरण म्हणतात. जन्मसिद्ध नागरिकत्वाहून हे भिन्न होय. ते मागावे लागते आणि मागणारा पात्र आहे की नाही, हे राज्यसंस्था ठरविते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) आदिवासी इंडियन वगळता बहुतेक सर्व लोकसंख्या बाहेरून आलेल्यांची वा आणलेल्यांची असल्यामुळे परक्याला आपला केव्हा म्हणावयाचे, हा प्रश्न तेथे राष्ट्रस्थापनेबरोबरच उपस्थित झाला.

पहिला कायदा २६ मार्च १७९० रोजी संमत झाला. दोन वर्षांचे वास्तव्य, सच्चारित्र्य आणि संविधानास पाठिंबा देण्याची शपथ, एवढ्याच त्याच्या अटी होत्या. मालमत्तेची वा धर्माची अट नव्हती. त्याच काळी इंग्लंडमध्ये देशीयकरणासाठी पार्लमेंटमध्ये त्या व्यक्तीपुरते खास विधेयक संमत करून घ्यावे लागे, हे पाहता अमेरिकेचा कायदा विलक्षण उदार होता. तथापि ही उदारता ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती’पुरतीच मर्यादित होती. वास्तव्याची मुदत पुढे १७९५ मध्ये पाच वर्षांवर आणि १७९८ मध्ये चौदा वर्षांवर नेण्यात आली. नवागत आयरिश व फ्रेंच लोक जेफर्सनच्या पक्षास मते देतात, ही सत्तारूढ फेडरलिस्ट पक्षाची भीती या वाढीमागे होती. जेफर्सन सत्तेवर आल्यावर १८०२ मध्ये पाच वर्षांची मुदत पुन्हा लागू झाली व सामान्यतः तीच आजतागायत टिकली आहे. वर्णाची अट मात्र १९५२ पर्यंत कोणीही काढली नाही.

यादवी युद्धानंतर तशी संधी आली होती. चौदाव्या घटनादुरुस्तीने (१८६८) देशात जन्मलेल्यांस नागरिक मानले. १८७० मध्ये सिनेटर चार्ल्स सम्नर याने देशीयकरणाच्या कायद्यातील ‘गोरा’ हा शब्दच गाळण्याची सूचना मांडली. परंतु चिनी मजूर नागरिक होतील, या धास्तीने पश्चिमेकडील प्रतिनिधींनी तिला विरोध केला. अखेर आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींचा समावेश तेवढा झाला. चिन्यांचे देशीयकरण १८८२ च्या कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध ठरले. १९०६ च्या कायद्याने सर्वत्र एकच कार्यपद्धती आणली, इंग्रजी बोलता येण्याची अट घातली आणि बेकायदेशीरपणे मिळविलेले नागरिकत्व रद्द करण्याची तरतूद केली. या तरतुदीचा उपयोग पुढे कसा झाला, हे हिंदी लोकांनी अनुभवले.

‘गोरा’ कोणास म्हणावे, हे कायद्याने कोठेच सांगितलेले नव्हते. साहजिकच हा निर्णय न्यायाधीशांवर पडला व ते परस्परविरोधी निर्णय देत राहिले. भिकाजी बलसारा या पारशी गृहस्थांस १९१० मध्ये गोरे मानण्यात आले. सीरियातून आलेल्या अर्जदारांना एका न्यायालयाने नाकारले, तर दुसऱ्याने स्वीकारले. सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाच्या खटल्यात आला. ओझावा वीस वर्षे अमेरिकेच्या भूमीवर राहिलेला, तेथेच शिकलेला आणि घरातही इंग्रजी बोलणारा होता. १३ नोव्हेंबर १९२२ रोजी न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. कारण ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा आणि जपानी त्या वंशाचे नव्हेत.

हा निकष भगतसिंग थिंड यांस अनुकूल दिसत होता. पंजाबातून १९१३ मध्ये आलेल्या थिंड यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात सेवा केली होती. सखाराम गणेश पंडित या हिंदी वकिलांनी त्यांच्या वतीने असे प्रतिपादन केले, की उत्तर हिंदुस्थानातील उच्चवर्णीय हे आर्य, म्हणून कॉकेशियन होत. थिंड हे वस्तुतः शीख होते. पण अमेरिकी दप्तरांत सारेच हिंदी ‘हिंदू’ म्हणून नोंदविले जात. या युक्तिवादात वर्णभेदाला आव्हान नव्हते. भेदाच्या रेषेच्या आत जागा मिळावी एवढीच त्याची मागणी होती व त्यासाठी जातिव्यवस्थेचाच आधार घेतला गेला. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, म्हणजे ओझावा-निर्णयानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, न्यायालयाने स्वतःचाच निकष बदलला. शास्त्रीय वर्गीकरण काहीही असो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असे त्याने ठरविले. दोन्ही निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड हे स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते.

या निर्णयाचे परिणाम थिंड यांच्यापुरते राहिले नाहीत. पूर्वी नागरिकत्व मिळालेल्या हिंदी लोकांविरुद्ध ते रद्द करण्याचे दावे सरकारने दाखल केले. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्यान्वये ‘नागरिकत्वास अपात्र परदेशी’ व्यक्तीस शेतजमीन घेता येत नसे. त्यामुळे नागरिकत्वाबरोबर जमिनीचा हक्कही जाई. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णोदास बगाई यांनी नागरिकत्व गमावल्यानंतर १९२८ मध्ये आत्महत्या केली. अपात्र परदेशी व्यक्तीशी विवाह करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे नागरिकत्वही १९३१ पर्यंत संपुष्टात येत असे. खुद्द पंडित यांच्यावरही दावा झाला. परंतु नागरिकत्वावर विसंबून आपण वकिली केली व मालमत्ता घेतली, अशी बाजू त्यांनी मांडली; १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि त्यानंतर असे दावे थंडावले. थिंड यांना १९३५ च्या माजी सैनिकविषयक कायद्यामुळे १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले.

हा निर्बंध सैल झाला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. मित्रराष्ट्राच्या प्रजेस वंशाने अपात्र ठरविणे अडचणीचे होऊ लागल्याने १९४३ मध्ये चिनी व २ जुलै १९४६ रोजी हिंदी आणि फिलिपिनो लोक पात्र ठरले. दलीपसिंग सौंद हे १९४९ मध्ये नागरिक झाले व १९५६ मध्ये काँग्रेसवर निवडून आले. १९५२ च्या कायद्याने वंशाची अट सर्वांसाठीच रद्द केली. पण भारताचा वार्षिक प्रवेश-कोटा शंभरच राहिला. तो १९६५ च्या कायद्याने मोडीत काढल्यावरच भारतीय डॉक्टर, अभियंते व संशोधक मोठ्या संख्येने जाऊ लागले. त्यांत मराठी भाषिकही होते.

तेव्हापासून खरा अडसर देशीयकरणाच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर आहे. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः यांतील सात टक्क्यांहून अधिक परवाने येऊ नयेत, अशी मर्यादा असल्याने नोकरीच्या आधारे अर्ज करणाऱ्या भारतीयांना दीर्घकाळ थांबावे लागते. भारताच्या नागरिकत्व अधिनियमानुसार (१९५५) स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. २००५ पासून अशा व्यक्तींना नोंदणीने प्रवेश व वास्तव्याच्या सवलती मिळतात, मतदानाचा हक्क मात्र मिळत नाही.