कहरुबाची साक्ष

'अंबर' या शब्दानं पुष्कळ घोळ घातला आहे. अरबीतला अंबर म्हणजे देवमाशाच्या पोटातला सुगंधी पदार्थ. इंग्रजीत तेच नाव झाडाच्या अश्मीभूत राळेला लागलं. तिच्यासाठी फारसी-उर्दूत वेगळा शब्द आहे: कहरुबा. काह म्हणजे गवताची काडी, रुबा म्हणजे ओढून नेणारा. मणी लोकरीवर घासा, काडी चिकटते. संस्कृतातही तो तृणमणीच. आजच्या अरबीत विजेला 'कहरबा' म्हणतात ते यावरूनच.

1876 साली हाइनरिख श्लीमानला ग्रीसमधल्या मायसिनीच्या कबरींत सोन्यासोबत कहरुबाचे शेकडो मणी सापडले. वय सुमारे साडेतीन हजार वर्षं. पण ही राळ आली कुठून? इटलीत, सिसिलीत, रुमानियातही ती मिळते. डान्झिगचा औषधविक्रेता ओटो हेल्म सांगे, सक्सिनिक आम्ल सापडलं की माल बाल्टिक समुद्राकाठचा. पुढे ते आम्ल इतर ठिकाणच्या राळेतही सापडलं आणि पुरावा लंगडा पडला.

1964 साली अमेरिकेतल्या व्हासार कॉलेजचे रसायनशास्त्रज्ञ कर्ट बेक यांनी दुसरी वाट दाखवली. रेणूंतले बंध सतत थरथरत असतात आणि आपापल्या कंपनाशी जुळणारे अवरक्त किरण शोषून घेतात. दोनेक मिलिग्रॅम भुकटीतून किरण सोडायचे आणि कुठले शोषले गेले याचा आलेख काढायचा. बाल्टिक राळेच्या आलेखात एका टोकदार खाचेआधी सपाट पट्टा येतो. त्याला 'बाल्टिक खांदा' असंच नाव पडलं. इतर राळेत तो दिसत नाही. मायसिनीचे बहुतेक मणी बाल्टिकचेच निघाले, हवाई अंतरानं दीड हजार किलोमीटरहून लांबचे!

(कहरुबाची म्हणून महाग विकलेली तस्बीह प्लॅस्टिकची आहे का, तेही याच तपासणीत कळतं. दुकानदाराच्या कसमेपेक्षा मी आलेखावर विश्वास ठेवीन.)

ही पद्धत अचूकच असते असं नाही. जमिनीत फार झिजलेल्या मण्याचा खांदा उतरता होतो, कधी वाचताही येत नाही. तरी मला तिचं मोल मोठं वाटतं. कागद नाही तर इतिहास नाही, असं आपण सर्रास धरून चालतो. बाल्टिककाठच्या त्या लोकांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. त्यांचा माल मात्र राजांच्या कबरीत पोचला होता. वाटेत तो किती हातांतून गेला, बदल्यात त्यांना काय मिळालं, हे आलेखात उमटत नाही.