मत्सराची नोंद

भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतम इंद्रावतीला मिळतात. पलीकडे बस्तर. तिथल्या माडियांमधल्या खुनांचे शंभर खटले तपासून मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी १९४३ मध्ये पुस्तक लिहिलं. खुनांच्या कारणांत बायकोवरचा संशयही होता. कचेरीने नोंद केली ती खुनाची. ‘कुठे होतीस, कुणाशी बोललीस’ या रोजच्या उलटतपासणीसाठी तिथे रकानाच नव्हता.

यावरून आदिवासींवर ‘रागीट’ असा शिक्का मारू नका. १९४७ मध्ये एल्विन यांनी बस्तरच्याच मुरियांच्या घोटुलवर लिहिलं. काही घोटुलांत एकच जोडी सलग तीन रात्रींहून जास्त एकत्र राहिली तर दंड होई. एकाने दुसऱ्यावर मालकी सांगू नये, मत्सर वाढू नये, म्हणून. मत्सर सगळ्यांनी मिळून आवरायचा असतो, हे त्या पोरापोरींना ठाऊक होतं.

आपला कायदा उशिरा जागा झाला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने भावनिक छळाला हिंसा म्हटलं, पण दोघं एका घरात राहिलेले असावेत ही अट ठेवली. कॉलेजातलं प्रेम त्यात बसत नाही. २०१३ मध्ये बाईच्या इंटरनेट-ईमेलवर पुरुषाने पाळत ठेवणं गुन्हा ठरलं.

तरी चंद्रपूर असो की गडचिरोली, मैत्रिणीकडे पासवर्ड आणि ‘लास्ट सीन’चा हिशेब मागणाऱ्याला आपण अजून म्हणतो, ‘किती जीव लावतो!’ खून होईपर्यंत काहीच न लिहिणारी ती जुनी कचेरी आपणही चालवतोच आहोत.